सातव्या मजल्याची लस

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूही नये. माझ्या सुनेचा बसत नाही, आणि ती तर त्या दिवशी स्वतः हजर होती. तरी सांगतो. या इमारतीत, ही समोर दिसते ना, त्या रहिवासी मंडळाच्या खोलीत, लसीकरणाचा अख्खा सरकारी दवाखाना मी आणला होता. पेटी, सुया, सिस्टर, सगळं. आणि लिफ्टही चालू करून दाखवली होती. हसा, हसा. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलात, तुमचं कपाट सकाळपासून जिन्यात अडकलंय, तेव्हा या इमारतीत 'लिफ्ट' हा शब्द ऐकून तुम्हाला हसू येणारच. बसा असे बाकावर. हमाल जेवून येईपर्यंत कपाट कुठे पळून जात नाही.

आधी माझी ओळख. नोकरीत मी वजनमापांचा निरीक्षक होतो. मी बाजारात शिरलो की तराजूंना कापरं भरायचं. उभा जन्म मी लोकांच्या किलोत किती ग्रॅम कमी आहेत ते शोधण्यात घालवला. त्यामुळे आता म्हातारपणी माझ्या बोलण्यात चार ग्रॅम जास्त पडले तर एकूण जगाचं वजन बरोबर होतं, असं मी मानतो. सून मानत नाही. पण सून हा प्रमाणित वजनाचा प्रकार नाही.

तर ही इमारत सरकारी. सरकारने बांधली, सरकारने आपल्याला दिली आणि सरकार विसरून गेलं. लिफ्टवर ती पाटी आहे ना, 'दुरुस्ती चालू आहे', ती इतकी जुनी झाली की मध्यंतरी पाटीचीच दुरुस्ती करावी लागली. खिळा निघाला होता. तो ठोकायला मात्र दुसऱ्या दिवशी माणूस आला. यावरून सरकारला काय टिकवायचं असतं ते कळतं.

या बाकावर पूर्वी आम्ही चौघं बसायचो. मी, आमची ही, सातव्या मजल्यावरच्या टेलिफोनबाई आणि त्यांचे मिस्टर. उन्हं उतरली की बाई आणि त्यांचे मिस्टर लिफ्टने खाली यायचे, आमची ही आतून चहाचा थर्मास आणायची, आणि मी सांगायचो. बाकीचे तिघे माझ्या सांगण्यातून सत्य वेगळं काढायचे. उत्तम करमणूक होती. मग त्यांचे मिस्टर गेले, मग आमची ही गेली, आणि मग लिफ्ट गेली. तिघांपैकी लिफ्टच्या नावाने तेवढी पाटी लागली.

उरलो दोघं. त्यातही वाटणी अशी झाली की एक तळाला आणि एक टोकाला. बाईंचे गुडघे उतरू देत नाहीत आणि माझा दम चढू देत नाही. एका इमारतीत राहून एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं पुष्कळ असतात, पण त्यांची भांडणं झालेली असतात. आमचं तसलंही काही नाही.

तुम्ही म्हणाल, मग फोन करा. तो विषय बाईंपुढे काढू नका. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "इन्स्पेक्टर, ती वस्तू मी आयुष्यभर कानाला लावली. आता कुणाला बोलायचं असेल तर मोकळ्या हवेतून बोला." म्हणून आम्ही खिडकीतून बोलतो. म्हणजे त्या खिडकीतून आणि मी या बाकावरून, मान वर करून. त्यामुळे माझ्या पोटाच्या सगळ्या तक्रारी सातही मजल्यांना तोंडपाठ आहेत. जिन्याच्या तोंडाशी लोक मला थांबवून विचारतात, "काय काका, आज साफ झालं का?"

पण ओरडून बोलायच्या गोष्टी वेगळ्या असतात हो. 'जेवलात का' हे ओरडून विचारता येतं. 'आज सकाळपासून हिची फार आठवण येतेय' हे ओरडून नाही सांगता येत. एकदा सांगून पाहिलं. बाई काही बोलायच्या आत पाचव्या मजल्यावरून एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "कुणाची?"

असं आमचं चाललं होतं. मग गेल्या थंडीत ती खिडकी बंद झाली.

बाईंना ताप आला, तो छातीत उतरला. मी रोज इथे बसून वर बघायचो. बघून बघून मान अशी आखडली की डॉक्टरांनी पट्टा बांधला, आणि त्या पट्ट्याने झालं काय, तर मान कायमची वरच राहिली. म्हणजे माझ्या सोयीचंच झालं. पुष्कळ दिवसांनी खिडकी उघडली, पण बाईंचा आवाज इतका बसला होता की तो तिसऱ्या मजल्याच्या खाली पोचेना. मग दुसऱ्या मजल्यावरचा आमचा पैलवान खिडकीत उभा राहून तो पुढे पाठवायचा. "काका, त्या म्हणतात, बरं आहे." मी म्हणायचो, "त्यांना सांग, काळजी घ्या." पैलवान वर तोंड करून गर्जना करायचा, "काळजी घ्या!" ते ऐकून बाईंनाच काय, वसाहतीतल्या सगळ्या आजाऱ्यांना धाक बसला असेल.

जो डॉक्टर जिने चढून वर गेला होता तो खाली येऊन आधी या बाकावर आडवा पडला आणि मग बोलला. म्हणाला, "पुढच्या थंडीच्या आत त्यांना लस मिळालीच पाहिजे. पुन्हा असा ताप आला तर त्या छातीला झेपणार नाही." लस कुठे मिळते? शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाईंना खाली कसं आणायचं? खुर्चीत बसवून आणायचं ठरलं, म्हणून रिकाम्या खुर्चीवर प्रयोग केला. तुमचं कपाट जिथे अडकलंय ना, तसल्याच वळणावर खुर्ची अडकली. पैलवान म्हणाला, "मी पाठीवर घेतो." बाई वरून म्हणाल्या, म्हणजे पैलवानच म्हणाला, पण बाईंच्या वतीने, "मी काय पोतं आहे?"

तेव्हा मी या बाकावर उभा राहिलो. नुसता उठलो नाही, बाकावर चढलो. आणि म्हणालो, "बाई! तुम्हाला लशीकडे जाता येत नसेल तर लस इथे येईल! आणि त्या दिवशी तुम्ही खाली याल, आणि इथे, या जागेवर बसाल!"

सगळ्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेवढा सुनेचा आवाज आला, "आधी बाकावरून खाली उतरा. पडलात तर त्यांच्याआधी तुम्हालाच न्यावं लागेल."

मग सुरू झाले सल्ले. आपल्या वसाहतीत पाण्याची टंचाई असते, सल्ल्याची नाही. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, आधी ठराव हवा. ठरावासाठी सभा हवी, सभेसाठी सूचना हवी, आणि सूचना लावायला फळा हवा. फळा कुणीतरी इस्त्रीच्या टेबलासाठी नेला होता. अखेर सभा झाली. तीत पहिला तासभर लस उजव्या दंडात घ्यावी की डाव्या, यावर चर्चा झाली. पाचव्या मजल्यावरच्याचं मत असं की लस नकोच, नाकाने वाफ घ्यावी. तो वाफेवर इतकं बोलला की त्याच्या शेजाऱ्याचा चष्मा धूसर झाला. पैलवान उठून म्हणाला, "मला सुईची भीती अजिबात नाही. फक्त त्या दिवशी मला काम आहे." "कुठल्या दिवशी? दिवस अजून ठरायचा आहे." "जो ठरेल त्या दिवशी," पैलवान म्हणाला.

सल्ले ऐकून झाल्यावर मी आरोग्य कचेरीत गेलो. तिथला कारकून सज्जन होता. सज्जन कारकून फार घातक, कारण त्याच्यावर ओरडता येत नाही. तो म्हणाला, "जरूर देऊ हो दवाखाना. खोली हवी. खोलीला दोन दारं हवीत, एकातून आत, एकातून बाहेर. आणि इमारत उंच असेल तर लिफ्ट चालू हवी, नाहीतर वरची म्हातारी माणसं येणार कशी? लिफ्ट चालू असल्याचा दाखला आणा."

मी घरबांधणी कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, "लिफ्ट लगेच दुरुस्त करू. तातडीचं कारण तेवढं हवं."

"कारण आहे. इमारतीत दवाखाना येतोय."

"मग काय प्रश्नच नाही. दवाखाना मंजूर झाल्याचा कागद आणा."

आरोग्यवाल्याकडे परत गेलो. तो म्हणाला, दवाखाना मंजूर करतो, लिफ्टचा दाखला आणा. म्हणजे लिफ्ट येईना दवाखान्याशिवाय आणि दवाखाना येईना लिफ्टशिवाय. मी मध्ये असा, जात्यातल्या दाण्यासारखा. आणि आता ऐका, इथे तुमचा विश्वास उडणार: या दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात, समोरासमोर आहेत! दुपारी ते दोन्ही कारकून एका टेबलावर जेवायला बसतात. एकमेकांच्या डब्यातली भाजी खातात. हात धुतले की उठून आपापल्या खुर्चीवर बसतात, आणि मग एकमेकांशी बोलायचं तर टपालाने.

मी ठरवलं, घाव घालायचा तो भाजीवर. सुनेला म्हणालो, "उद्या मला डबा दे." ती म्हणाली, "कुठे निघालात?" मी म्हणालो, "दवाखाना आणायला." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी बाजारात लाकडी वजनांकडे बघायचो. डबा मात्र दिला. ती तशी मनाची चांगली आहे, तिचा अविश्वास तेवढा पक्का आहे.

दुपारी मी त्या दोघांच्या मध्ये डबा उघडून बसलो. सांगितलं की बाबांनो, सातव्या मजल्यावर एक बाई आहेत. त्या खूप दिवसांत जमिनीवर आलेल्या नाहीत. तुमच्यापैकी कुणीही आधी हो म्हणा, दुसऱ्याला हो म्हणायला मी लावतो. दोघांनी माझी भाजी खाल्ली, दोघांनी वाहवा केली, आणि दोघं एकदम म्हणाले, "आधी यांचा कागद येऊ दे."

मी खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची होती असं मी नंतर सांगितलं. ते पाणी पलीकडच्या टेबलावर जेवत बसलेल्या मोठ्या सिस्टरांनी पाहिलं. लसीकरणाच्या त्या मुख्य. अंगाने आडव्या, आवाजाने उभ्या. त्या म्हणाल्या, "ए, त्या म्हाताऱ्याला छळू नका. आजोबा, लिफ्टचं राहू द्या. मी येते पेटी घेऊन. खाली उतरतील त्यांना खाली टोचू, बाकीच्यांचं तिथे आल्यावर बघू. पण एक सांगते, दंड भरपूर हवेत. माणसं जमली नाहीत तर पेटी न उघडता मी पुढच्या वसाहतीत जाईन. उघडलेली लस परत नेता येत नाही."

"सिस्टर," मी म्हणालो, "दंडांची काळजी सोडा. आमच्या इमारतीत माणसं उतू चालली आहेत."

आणि तेच तर आमचं दुखणं होतं. ते तुम्हाला माहीत नसेल, नवे आहात. पण आज ना उद्या तुम्हालाही शिकावंच लागेल, तेव्हा नीट ऐका. कुणाच्या घरात किती माणसं राहावीत ते सरकारने ठरवून दिलंय. आणि माणसं काही सरकारला विचारून जन्मत नाहीत. भाचा शिकायला येतो, मेहुणीची बदली होते, आजीला एकटं कुठे ठेवणार? मग घरबांधणीवाले अधूनमधून कागद घेऊन तपासायला येतात: किती डोकी, गॅलरी बंद करून खोली काढली का, वगैरे. त्यांच्यासाठी आपल्या इमारतीने एक शिस्त बसवली आहे, फौजेतही नसेल अशी. फाटकातून कागदवाला माणूस शिरला की तळमजल्यावरून सांडपाण्याच्या पाइपावर कालथा आपटायचा. तो पाइप थेट वरपर्यंत जातो. ठण् ठण् ठण्! झालं. पापणी लवायच्या आत दोऱ्यांवरचे कपडे आत, रेडिओ बंद, पोरं चिडीचूप, दारांना कुलपं. अख्खी इमारत निर्मनुष्य. आलेला माणूस चार दारं ठोकून बघतो आणि 'रहिवासी आढळले नाहीत' असं लिहून जातो. सरकारी कागदांप्रमाणे या इमारतीत बहुधा मी आणि बाई असे दोघंच राहतो.

तर लसीचा दिवस उजाडला. मी पहाटेपासून तयारीत. मंडळाच्या खोलीला दार एकच, म्हणून बाहेर पडायला खिडकी ठरवली होती. आतून स्टूल, बाहेरून पालथी बादली. मी नोकरीतला काळा कोट बाहेर काढला. छातीवर पितळेचा तराजू. म्हटलं, सरकारी माणसं येणार, आपणही भारदस्त दिसावं. आणि खरं सांगू? बाई खाली येणार होत्या. घरबांधणीच्या कारकुनाने शेवटी भाजीला जागून सांगितलं होतं की त्याच दिवशी लिफ्टवाला मिस्त्री पाठवतो. तो कोट बाईंच्या ओळखीचा होता.

फाटकापाशी गाडी थांबली. मोठ्या सिस्टर उतरल्या, त्यांच्या मागे लसीची पेटी घेतलेला एक, आणि कागदांचा गठ्ठा घेतलेला एक. तो कागदवाला मान वर करून मजले मोजत होता. मी पुढे, छाती काढून, इमारतीकडे बोट दाखवत. "ही ती इमारत! या घरात नऊ माणसं आहेत, त्या घरात अकरा!" दंड भरपूर आहेत असं सिस्टरना पटवायचं होतं हो मला!

ठण् ठण् ठण्!

कालथा आपटला कुणी? माझ्या सुनेने! माझ्या घरच्या पाइपावर, माझ्या घरच्या कालथ्याने! नंतर विचारलं तर म्हणते, "मला काय माहीत खरंच दवाखाना येणार ते? तुम्ही तर मागच्या महिन्यात विमान येणार म्हणाला होतात."

क्षणात इमारत मेली. दोऱ्यांवर एक चिमटा राहिला नाही. कुठेतरी एक पाळणा अर्धा झोका घेऊन थांबला. माझ्याच दाराला आतून कडी, आणि माझा चष्मा आत. मोठ्या सिस्टर मधोमध उभ्या राहिल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, इथे कुणी राहतं का?"

"भरपूर!" मी म्हणालो. "बाहेर या रे! लस आहे! लस!" मी ओरडत सुटलो. कोण येतंय! माझा तो कोट, ते बोट दाखवणं, ते नऊ आणि अकरा, सगळ्यांनी फटींतून पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी बोटभर उघडली आणि पैलवानाचा दुखावलेला आवाज आला, "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." खिडकी बंद.

मी! मी फितूर! या लोकांसाठी डबा घेऊन कचेरीत रडून आलेला मी! वजनमापांच्या नोकरीत दुकानदारांनी मला लाख शिव्या दिल्या, पण घरभेदी असं कुणी म्हटलं नव्हतं. मी भाषण सुरू केलं. त्यात मी त्याग हा शब्द बऱ्याचदा वापरला. पेटीवाल्याने जांभई दिली. सिस्टरनी वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, मला वाईट वाटतं. पण पुढच्या वसाहतीत लोक ताटकळलेत. ठेव रे पेटी गाडीत."

पेटी गाडीत जायला लागली. मी लिफ्टच्या त्या पाटीकडे बघितलं, या रिकाम्या बाकाकडे बघितलं. थंडी येऊन ठेपली होती.

तेव्हा वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला. सातव्या मजल्याची.

"अहो सिस्टर!" बाईंचा तो जुना आवाज, थेट तळापर्यंत. कुठून आणला कुणास ठाऊक. "मी राहते इथे! सातव्या मजल्यावर, एकटी! मोजून घ्या मला!"

सिस्टर थांबल्या. बाई काही थांबेनात. वरून त्यांना सगळं दिसतं. "अहो पैलवान, गॅलरीतल्या टाकीमागे लपलात, पाठ दिसतेय तुमची! सेक्रेटरी, गॅलरीत चादरीखाली काय करताय? ऊन खाताय? तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई, तुम्हाला खोकला आलाय, खोका बिनधास्त, हे लोक खोकल्यासाठीच आलेत! लाजा नाहीत का वाटत? इन्स्पेक्टर बोंबलतायत खाली मघापासून. त्यांचं बाकी सगळं खोटं असतं, कबूल. पण आजचं खरं आहे!"

माझ्या वर्तनाचा दाखला मला आयुष्यात पुष्कळदा मिळाला, पण असा नाही.

पहिला खोकला तिसऱ्या मजल्यावरून आला. मग एक कडी निघाली. मग दुसरी. मग काय, वारूळ फुटावं तशी माणसं बाहेर आली. मेहुण्या, भाचे, आज्या, कुणी कुणाला आजवर न दिसलेले काका. आमचेच आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, हे कोण, ते कोण! कागदवाल्याच्या कागदावरचे रकाने संपले. म्हणाला, "सिस्टर, एवढी माणसं या इमारतीत बसूच शकत नाहीत." मोठ्या सिस्टर बाह्या सरसावत म्हणाल्या, "मी दंड मोजते रे, माणसं नाही. उघड पेटी."

बाकीचं काय सांगू! आत जायला दार आणि बाहेर यायला खिडकी, त्यामुळे सेक्रेटरी खिडकीत अडकले. त्यांना बाहेरून ओढायचं की आतून ढकलायचं यावर जागच्या जागी सभा झाली. पैलवान सुई बघूनच आडवा झाला, आणि तो पडला नेमका वाफवाल्याच्या अंगावर, त्यामुळे वाफवाल्याला हलता येईना आणि सिस्टरनी त्याला तिथल्या तिथे टोचून टाकलं. माझी सून शेवटी आली. दंड पुढे करून म्हणाली, "यांचं एक खरं निघालं म्हणून सगळं खरं धरू नका हं, सिस्टर."

आणि मग तो लिफ्टवाला मिस्त्री आला.

हो, आला! तुम्ही नवे आहात, तुम्हाला काय माहीत! एवढाली पिशवी खांद्याला, कानावर अर्धी विडी. त्याने लिफ्टभोवती एक फेरी मारली, कान लावला, पिशवी न उघडताच दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक लाथ घातली. आतून एक सुस्कारा निघाला, झोपेतून उठवल्यावर माणूस सोडतो तसा. वरचा बाण पेटला. लिफ्ट वर गेली. सगळी इमारत जिन्यात उभी. बाण पुन्हा खाली वळला. सहा, पाच, चार. मी कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली. दार उघडलं.

बाई उभ्या होत्या. अंगावर ती निळी शाल. केस जरा जास्त पांढरे, पण उभं राहणं तेच. मला बघून म्हणाल्या, "अगंबाई, इन्स्पेक्टर, तुम्ही वरून किती लहान दिसता! जवळून बरे आहात की." मी हात पुढे केला. त्या चालत आल्या, इथपर्यंत, आणि बसल्या. ही जागा, जिथे तुम्ही बसलाय. सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी इथेच, उन्हात, त्यांना लस टोचली. बाईंना कळलंसुद्धा नाही, कारण त्या जमिनीकडे बघत होत्या. चप्पल काढून त्यांनी पाय मातीवर टेकवले. म्हणाल्या, "गार आहे हो अजून."

मग बाकीचे निघून गेले. आम्ही बसलो. मी थर्मास आणला. ओरडावं लागत नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला काय बोलावं तेच कळेना. मग मी हळू आवाजात म्हणालो, "आज सकाळपासून हिची फार आठवण येतेय." बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. मलाही." बस, एवढंच. पाचव्या मजल्यावर कुणालाही ऐकू गेलं नाही. ऊन त्या भिंतीपर्यंत गेलं, भिंतीवर चढलं, गेलं. दिवे लागले. मी म्हणालो, बाई, आता गार पडेल. त्या म्हणाल्या, बसू थोडं. असं आम्ही किती वेळ...

काय म्हणता? मग लिफ्ट पुन्हा बंद कशी पडली? अहो, बाईंना वर सोडलं आणि त्याच फेरीला—

"खोटं! साफ खोटं!"

वर नका बघू, मान आखडेल. बाईंचं चालू द्या.

"अहो नवे शेजारी, एका शब्दावर विश्वास ठेवू नका! मिस्त्री आलाच नाही! सिस्टर बिचाऱ्या सात मजले चढून आल्या आणि मला घरात सुई टोचून गेल्या! आणि इन्स्पेक्टर, निळी शाल माझी कधी होती हो? ती तुमच्या बायकोची! मी जिन्याने उतरायला निघाले ती पाचव्यापर्यंत आले, कठड्याला धरून. तुम्ही चढायला निघालात ते तिसऱ्यापर्यंत आलात, धापा टाकत. मग दोघंही बसलो पायऱ्यांवर, तुम्ही खाली, मी वर, आणि दिसत तर कुणीच नव्हतं! चौथा मजला राहिला तो अजून राहिलाच आहे!"